स्कॅन झाला, मात्रा किती दिली?

डोक्याला मार लागलेला रुग्ण पूर्वी बीड जिल्ह्यातून हलवावयाचा म्हणजे औरंगाबाद, सोलापूर किंवा पुणे यांवाचून गत्यंतर नसे. कवटीच्या आत रक्तस्राव आहे की नाही एवढेच कळण्यासाठी शे-दीडशे मैलांचा प्रवास करावा लागे आणि कित्येकदा उत्तर मिळण्यापूर्वीच रुग्ण हाती लागत नसे. आज ती स्थिती राहिलेली नाही. बीडला सी.टी. स्कॅनचे यंत्र आहे, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात आहे, खाजगी केंद्रांतूनही आहे. धुळे-सोलापूर महामार्गावर रात्री-अपरात्री होणाऱ्या अपघातांचा विचार केला, तर या यंत्राने किती जीव वाचविले असतील याची कल्पना कोणालाही यावी. तेव्हा पुढील विवेचन हे या यंत्राविरुद्धचे गाऱ्हाणे नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. ज्याच्या मेंदूत रक्त साकळले आहे, ज्याला अर्धांगवायूचा झटका आला आहे, त्याने किरणांच्या भीतीने स्कॅन नाकारणे म्हणजे आत्मघात होय.

प्रश्न निराळाच आहे. तपासणी झाल्यावर रुग्णाच्या हाती एक मोठे पाकीट पडते. त्यात फिल्म असते, तज्ज्ञाचा अहवाल असतो, पैशांची पावती असते. या तपासणीत त्याच्या शरीरावर किती क्ष-किरण सोडले गेले, हे मात्र त्या पाकिटातील कागदांवर बहुधा कोठेही लिहिलेले नसते. एखाद्या डॉक्टरने पाचशे मिलिग्रॅमची गोळी दिली तर चिठ्ठीवर ‘५००’ हा आकडा असतो. सलाईनच्या बाटलीवर मापाच्या रेघा असतात. किरणांची मात्रा तेवढी बेहिशेबी. आणि ती मोजता येत नाही म्हणून बेहिशेबी, असेही नाही. तपासणी संपताच यंत्राच्या पडद्यावर त्या रुग्णाचे दोन आकडे आपोआप उमटतात. यंत्राला ते ठाऊक असतात, तंत्रज्ञाला दिसतात. ज्याच्या देहाचा प्रश्न आहे त्याला सांगितले जात नाहीत.

यातील विसंगती पाहावयाची असेल तर तंत्रज्ञाच्या छातीकडे पाहावे. तेथे एक छोटा बिल्ला लावलेला असतो. ठराविक काळाने तो प्रयोगशाळेकडे जातो आणि त्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला किती किरण आले याची नोंद होते. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने त्याच्यासाठी मर्यादा घालून दिली आहे : पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट. सर्वसामान्य नागरिकाला अशा उद्योगांमुळे वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये, असाही दंडक आहे. रुग्णाला मात्र मर्यादाच नाही. यामागील तत्त्व चुकीचे नव्हे. ज्याला आजाराच्या निदानासाठी किरण हवेत, त्याला कायद्याच्या आकड्याने अडविणे घातक ठरेल. म्हणून रुग्णाच्या बाबतीत दोन गोष्टी डॉक्टरांच्या विवेकावर सोपविल्या आहेत : तपासणी खरोखर आवश्यक असली पाहिजे, आणि आवश्यक असल्यास ती निदानाला पुरेल तेवढ्याच किरणांत उरकली पाहिजे. विवेकावर सोपविलेल्या गोष्टीची नोंदही राहू नये, हे मात्र समर्थनीय नाही.

या मात्रेचे गणित सामान्य वाचकाला कळणार नाही अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते सातवीच्या मुलाला जमेल असे आहे. पडद्यावरील पहिला आकडा शरीराच्या त्या भागातील किरणांची तीव्रता सांगतो. तो मिलिग्रे या परिमाणात असतो. ही तीव्रता शरीराच्या किती सेंटिमीटर लांबीवर दिली, याने तिला गुणले की दुसरा आकडा येतो. समजा, छातीच्या तपासणीत तीव्रता १० होती आणि फुप्फुसांची ३० सेंटिमीटर लांबी तपासली, तर दुसरा आकडा ३००. छातीसाठी त्याला ०.०१४ ने गुणावे, ४.२ मिलिसीव्हर्ट ही ढोबळ परिणामकारक मात्रा मिळते. निसर्गतः माती, दगड, हवा, अन्न आणि आकाश यांतून जगातील माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे पावणेदोन वर्षांचा नैसर्गिक वाटा काही सेकंदांत पदरात पडला. आता तंत्रज्ञाने घाईत सीमा आखताना फुप्फुसांच्या वर मानेचा आणि खाली पोटाचा भाग घेतला व लांबी ४५ सेंटिमीटर केली, तर मात्रा ६.३ होते. त्याच रुग्णाला आधी साधा आणि मग शिरेतून औषध देऊन असा दोनदा स्कॅन काढला, तर १२.६. रोग तोच, यंत्र तेच, शुल्कात फारसा फरक नाही, मात्रा तिप्पट.

या गणितात आपल्या भागाच्या दृष्टीने एक मेख आहे. पडद्यावरील पहिला आकडा प्रत्यक्ष रुग्णाच्या शरीरात मोजलेला नसतो. धडाच्या तपासणीसाठी तो ३२ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या एका प्रमाणित ठोकळ्यावरून काढलेला असतो. हा ठोकळा धष्टपुष्ट माणसाच्या पोटाएवढा म्हणावयास हरकत नाही. कृश देहात किरण कमी अडतात, ते आतपर्यंत पोचतात, आणि त्यामुळे प्रत्यक्ष मात्रा पडद्यावरील आकड्याहून अधिक भरते. सडपातळ माणसात ती सुमारे दीडपट होऊ शकते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही दुरुस्ती करण्याचे कोष्टकच २०११ साली प्रसिद्ध केले. धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातील चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाची स्त्री यंत्राखाली झोपते, तेव्हा यंत्राची मांडणी तिच्या अंगकाठीनुसार बदलली की गलेलठ्ठ देहासाठी ठरविलेलीच राहिली, हा प्रश्न म्हणून येथे पुण्या-मुंबईहूनही महत्त्वाचा आहे.

धोका किती? भयगंड नको आणि बेफिकिरीही नको. हिरोशिमा-नागासाकीच्या बळींवरील दीर्घ अभ्यास व त्यानंतरच्या संशोधनावरून शास्त्रज्ञ असे मानतात की, कमी मात्रेचाही धोका असतो, तो मात्रेच्या प्रमाणात असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १० मिलिसीव्हर्टच्या एका तपासणीमुळे पुढे प्राणघातक कर्करोग होण्याची शक्यता अंदाजे दोन हजारांत एक अशी सांगितली आहे. भारतात आयुष्यभरात कर्करोग होण्याची शक्यताच नऊ जणांत एक अशी आहे. त्यात ही भर अल्प होय. ज्याला तपासणीची खरी गरज आहे त्याने हा धोका डोळे मिटून पत्करावा. ज्याला गरज नव्हती त्याने तो का पत्करावा, याला उत्तर नाही. आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हा आकडा इतका अल्प राहत नाही. युरोपातील नऊ देशांत, बाविशीच्या आत स्कॅन झालेल्या सुमारे साडेनऊ लाख व्यक्तींचा मागोवा घेणारा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. आजच्या पद्धतीने स्कॅन होणाऱ्या दर दहा हजार मुलांमागे एक-दोघांना पुढील बारा वर्षांत त्यामुळे रक्ताचा कर्करोग संभवतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. वाढत्या वयाच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील, आणि दुष्परिणाम प्रकट व्हावयास पुढे सारे आयुष्य मोकळे.

हा सारा विषय महाराष्ट्रातील घराघरांत एकदाच चर्चिला गेला, तो कोविडच्या काळात. तेव्हा छातीचा स्कॅन आणि पंचवीसपैकी मिळालेला ‘स्कोअर’ हा बाजारपेठेतल्या गप्पांचा विषय झाला होता. खोकला आला की स्कॅन, चार दिवसांनी पुन्हा स्कॅन, बरे वाटू लागले की खात्रीसाठी आणखी एक. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या तपासणीचे दर बांधून दिले : यंत्राच्या क्षमतेनुसार दोन हजार, अडीच हजार आणि तीन हजार रुपये. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु ज्या आदेशाने रुपयांची कमाल मर्यादा ठरविली त्याच वेळी किरणांची मात्रा निदान लिहून द्या, एवढे सुचले असते तर! पुढे ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी, एक स्कॅन म्हणजे छातीचे तीन-चारशे एक्स-रे, असे विधान केले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने त्यास तीव्र आक्षेप घेतला. आधुनिक, अत्यल्प मात्रेचा स्कॅन म्हणजे पाच-दहा एक्स-रे, असे तिचे म्हणणे.

वाचक गोंधळले, यात नवल नव्हते. वास्तविक दोन्ही बाजू आपापल्या गणिताने बरोबर होत्या. छातीचा एक साधा एक्स-रे सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्टचा. स्कॅन ६ ते ७ मिलिसीव्हर्टचा निघाला तर तीनशे ते साडेतीनशे एक्स-रे होतात. कमी मात्रेच्या पद्धतीने तो दीडवर आणला तर पंच्याहत्तर. अत्यल्प मात्रेने ०.२ वर आणला तर दहा. कोणाचे खरे, हे ठरविण्याचा मार्ग एकच होता : गेवराईच्या किंवा केजच्या त्या रुग्णाने आपले पाकीट उघडून त्यावरील आकडा वाचणे. तो आकडा त्याच्यापाशी नव्हता. त्यामुळे शास्त्रीय वाद वर्तमानपत्रांतून झडला आणि हवेत विरला.

मात्रा कमी करावयाची तर नवे, कोट्यवधींचे यंत्र हवे, असा एक समज पसरविला जातो. नवी यंत्रे उपयुक्त आहेत, त्यांतील संगणकीय प्रक्रियेने कमी किरणांतही स्वच्छ चित्र मिळते, हे खरेच. पण सात देशांतील १५१ संस्थांमधील वीस लाख तपासण्यांचा अभ्यास २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. एकाच प्रकारच्या तपासणीत संस्थासंस्थांत जी प्रचंड तफावत दिसली, तिचे मुख्य कारण यंत्राची बनावट किंवा रुग्णांची प्रकृती हे नव्हते. यंत्र कसे लावले, हे होते. हात आणि सवय. अमेरिकेत २००९ साली लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाई या विख्यात रुग्णालयात मेंदूच्या तपासणीची मांडणी चुकली आणि दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षित मात्रेच्या आठपट किरण मिळाले. दीड वर्ष हे कोणाच्या लक्षात आले नाही. काही रुग्णांचे केस गळू लागले तेव्हा आले. पडद्यावर आकडा रोज उमटत होता. तो वाचण्याची कोणाची जबाबदारी नव्हती.

चांगला तंत्रज्ञ काय करतो, हे पाहिले म्हणजे बीडमध्येही काय शक्य आहे ते कळते. तो रुग्णाला वर्तुळाच्या बरोबर मध्यावर झोपवितो. टेबल चार बोटे वर-खाली राहिले तरी मात्रा व चित्र दोन्ही बिघडतात. विजेचा दाब तो सरसकट १२० किलोव्होल्टवर न ठेवता कृश माणसासाठी व मुलांसाठी १०० वा ८० वर आणतो. शरीराच्या जाडीप्रमाणे किरण आपोआप कमी-जास्त करण्याची सोय यंत्रात असते, ती चालू आहे ना हे पाहतो. सीमा नेमकी आखतो. ‘साधा’ आणि ‘औषधाचा’ असे दोन्ही फेरे खरोखर हवेत काय, हे डॉक्टरांना विचारतो. चित्र थोडे दाणेदार आले तरी मुतखडा दिसण्यास ते पुरेसे असते, हे त्याला ठाऊक असते. मात्रा निम्मी केली तर चित्रातील दाणेदारपणा दुप्पट होत नाही, सुमारे दीडपटीच्या आत राहतो. देखण्या चित्राचा मोह तज्ज्ञांना असतो. छायाचित्रकाराला तो शोभतो. यांपैकी एकाही गोष्टीला निविदा काढावी लागत नाही. लागते ते प्रशिक्षण, आणि दर महिन्याला आपल्या केंद्राच्या आकड्यांची शेजारच्या केंद्राच्या आकड्यांशी तुलना.

तथापि मात्रा कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे न लागणारा स्कॅन न काढणे, आणि येथे बीड जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव आड येतो. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जे आले त्याने महाराष्ट्राची मान खाली गेली. तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेली होती. अनावश्यक उपचार हा शब्दप्रयोग या जिल्ह्याला कोणी पुस्तकातून शिकवावयास नको. पोटावर कायमचा व्रण राहतो म्हणून ती गोष्ट मोजता तरी आली. किरणांचा व्रण दिसत नाही.

शिवाय ऊसतोडीच्या हंगामाचे म्हणून एक वेगळे दुखणे आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन जोडपी कोल्हापूर, सांगली, पुणे किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागतात. तेथे बैलगाडीवरून पडणे, मोळी अंगावर येणे, पोटात असह्य कळा येणे हे नित्याचे. कारखान्याच्या गावी एक स्कॅन होतो. फिल्म कोपीत राहते, पावसात भिजते किंवा गाडीच्या भाड्याच्या घाईत विसरली जाते. गावी परतल्यावर दुखणे उलटते, तालुक्याचा डॉक्टर जिल्ह्याला पाठवितो, तेथे दुसरा स्कॅन. तेथून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, तेथे कदाचित तिसरा. आमच्या परिचयातील एका शिक्षकांच्या पोटाचा स्कॅन आठवड्यात दोनदा निघाला, कारण दुसऱ्या रुग्णालयास पहिल्या केंद्राची फिल्म ‘चालत नव्हती’. का चालत नव्हती, हे त्यांना कोणी सांगितले नाही. अशा वेळी पाठविणाऱ्या डॉक्टरला मिळणाऱ्या ‘कट’ची कुजबूज होते. सर्व डॉक्टरांना त्या तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. पुष्कळदा कारण साधे असते : आधीची चित्रे मिळविण्याची यातायात करण्यापेक्षा नवी काढणे सोपे. पण सोपे कोणाला?

मुलांच्या डोक्याच्या मारासाठी तर शास्त्रशुद्ध निकषच उपलब्ध आहेत. अमेरिकेत बेचाळीस हजारांवर मुलांची पाहणी करून ते २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्ध हरपली होती काय, वांत्या झाल्या काय, पडण्याची उंची किती, कवटीचे हाड मोडल्याची खूण आहे काय, मूल नेहमीसारखे वागते काय, असे मोजके प्रश्न. उत्तरे समाधानकारक असतील तर स्कॅन न करता काही तास लक्ष ठेवावे. माळवदावरून पडलेल्या पोराचा बाप घाबरलेला असतो आणि स्कॅनचा आग्रह तोच धरतो, ही डॉक्टरांची तक्रार खरी आहे. त्या बापाशी पाच मिनिटे बोलावयास वेळ नसतो, हेही खरे आहे.

आता सोनोग्राफीकडे पाहा. त्या यंत्रात क्ष-किरण नाहीतच. असतो तो ध्वनी. तरीही गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘एफ’ नमुन्याचा अर्ज भरावा लागतो. कोणी पाठविले, कशासाठी पाठविले, काय आढळले, सारे लिहावे लागते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या, आणि परळीचे नाव २०१२ साली देशभर कशाने गाजले ते वाचकांना सांगावयास नको. ही नोंदवही सक्तीची आहे, आणि डॉक्टरांनी कुरकुरत का होईना ती अंगवळणी पाडून घेतली. मग ज्या यंत्रातून खरोखरच किरण बाहेर पडतात त्याच्या अहवालावर दोन आकडे लिहिणे अशक्य कसे? कॅलिफोर्निया राज्यात सीडार्स-सायनाईच्या प्रकरणानंतर २०१० साली तसा कायदा झाला आणि २०१२ पासून अहवालात मात्रा नमूद करणे बंधनकारक ठरले. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशाने मात्रेची माहिती अहवालाचा भाग केली.

आपल्याकडे अडाणी रुग्ण आकडा पाहून घाबरतील, हा आक्षेप हमखास येईल. आमच्या मते तो आक्षेप रुग्णांविषयी कमी आणि आक्षेपकाविषयी अधिक सांगतो. रक्तातील साखरेचा आकडा खेड्यातील म्हातारीला पाठ असतो. रक्तदाबाचे वरचे-खालचे दोन्ही आकडे ती सांगते. उसाच्या वजनकाट्यावर किलोचा फरक धरणारा शेतकरी मिलिग्रेला का बिचकेल? खेड्यात नोंदी टिकत नाहीत हा दुसरा आक्षेप. त्यावर शेजारच्या बार्शीचे उदाहरण आहे. तेथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी चालू आहे. कार्यकर्ते गावोगाव जाऊन माणसांना भेटत, लक्षणे विचारत, संशयितांना तपासणीस आणत आणि वहीत उतरवीत. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली अशी ही देशातील पहिली नोंदणी होय. संगणक घरोघर नव्हते तेव्हाची ही गोष्ट.

यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा शल्यचिकित्सक आणि अंबाजोगाईचे अधिष्ठाता यांनी आपापल्या शासकीय यंत्रांपुरता आरंभ केला तर खाजगी केंद्रांना मागे राहणे अवघड जाईल. सत्तरच्या दशकात खेड्यांसाठी म्हणून जे वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईस उभे राहिले, त्याच्या क्ष-किरण विभागाने वर्षभराचे आकडे मांडून आपल्याकडील छाती, डोके व पोट यांच्या तपासणीची सर्वसाधारण मात्रा प्रसिद्ध केली, तर मराठवाड्यातील इतर केंद्रांना ती मोजपट्टी होईल. ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांना आरोग्यपत्रिका देण्याचा विचार गर्भाशय प्रकरणानंतर पुढे आला होता. त्या पत्रिकेत स्कॅनसाठी एक पान राखता येईल. पानावर रबरी शिक्का मारला तरी पुरे : तारीख, शरीराचा भाग, पडद्यावरील दोन आकडे, आणि स्कॅन कशासाठी पाठविला हे सांगणारी पाठविणाऱ्या डॉक्टरची सही. असा शिक्का बीडच्या बाजारात एका दिवसात कोणीही करून देतो.